उलंगवाडी हा शब्द

गारखेडा, ४ फेब्रुवारी २०२४

शीला,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एकच ओळ. ‘सर, अहवालाचं तिसरं पान माझं नाही, हे माझ्या बाला सांगा.’ वर मायना नाही, खाली नमस्कार नाही. समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला तू माझ्या वर्गात आलीस, तेव्हापासून तू मला बिनमायन्याचं काही लिहिलं नव्हतंस.

फोन तू उचलत नाहीस. उचलूही नकोस. फोनवर मी बोलत सुटतो, आणि मी बोलत सुटलो की काय होतं हे या जिल्ह्यातल्या पुष्कळ मंडपांनी पाहिलं आहे. कागदावर निदान खोडता येतं.

तुझा भाऊ परवा उस्मानपुऱ्यात दिसला. अंगदनं ओळख दाखवली नाही, मीच हाक मारली. त्याच्याकडून कळलं की संक्रांतीच्या आधी तुमच्या मेंढरांच्या वाड्याला करमाडच्या शिवारात चरायला काहीच मिळालं नाही. कपाशीची सगळी रानं उपटून साफ झाली होती. मग मेंढरं जालना रोडच्या पलीकडं एका ज्वारीत शिरली. पावसावाचून खुरटलेली ज्वारी, तिला कोवळे फुटवे आलेले. ते खाऊन एकतीस मेंढरं तासाभरात पाय झाडून मेली. खुरटलेली ज्वारी विष असते हे तुझ्या वडिलांना, मुंजाबांना ठाऊक नाही असं नाही. उपाशी मेंढरू वळवल्यानं वळत नाही, एवढंच.

मुंजाबा अश्लेषाच्या कारखान्यावर जाब विचारायला गेले. तिनं त्यांच्यापुढं अहवाल ठेवला. अंगदनं तो मोठ्यानं वाचला. अर्थ एकच की पऱ्हाटी, वेचणी झालेली कपाशीची झाडं, टाकाऊ आहे, ती कुणाच्याही उपयोगी पडत नाही. आणि शेवटी तुझी सही. तेव्हापासून मुंजाबा तुझ्याशी बोलत नाहीत.

“सर, तुमी तिला लई शिकवलं,” अंगद म्हणाला. “सई करायला बी शिकवलं.”

आता माझी बाजू ऐक. अश्लेषा माझ्या दिवंगत मित्राची मुलगी. पुण्याची नोकरी सोडून ती करमाडला आली आणि पऱ्हाट्यांचा भुसा दाबून पांढरा कोळसा करू लागली. शेंद्र्याच्या कारखान्यांच्या बॉयलरात लाकडाऐवजी तो जळावा, ही कल्पना तिची आणि तळमळ माझी. पण माल पर्यावरणाला धरून आहे असं सांगणारी हरितमुद्रा असल्याशिवाय मोठे कारखाने छोट्यांचा माल घेत नाहीत. ती मुद्रा देणारी संस्था पुण्याची, तिथले तज्ज्ञ शहरातले. त्यांना आपली बोली कळत नाही. पडताळणी समितीसाठी गावात फिरून अहवाल तू लिहिलास, पण समितीचा अध्यक्ष म्हणून तो त्यांना कळेल अशा भाषेत पाठवणं माझं काम होतं.

तू ‘कच्चा माल’ या रकान्यात ‘उलंगवाडीची पऱ्हाटी’ असं लिहिलं होतंस. मी ते ‘वेचणीपश्चात टाकाऊ अवशेष’ असं केलं. तुझ्या पहिल्या निबंधापासून मी तुझं मराठी तपासत आलो. ती सवय. तिसरं पान नव्यानं टाइप करून घेतलं. तुला मुलाखतीसाठी अंबाजोगाईला जायचं होतं म्हणून चौथ्या, अजून कोऱ्या पानावर तू आधीच सही करून गेली होतीस. या भाषिक दुरुस्तीपलीकडं मी काही केलेलं नाही.

मुंजाबांना मी भेटेन. योग्य वेळी, योग्य शब्दांत सांगेन. काळजी करू नकोस.

तुझा,
वैजनाथ धानोरकर


गारखेडा, १७ फेब्रुवारी

शीला,

माझं पत्र तू परत पाठवलंस, लाल शाईनं तपासून.

‘भाषिक दुरुस्ती’खाली रेघ, आणि समासात ‘अर्थ बदलला. पुन्हा लिहा.’ हा शेरा माझाच, तुझ्या वह्यांवर मी तो कितीदा मारला असेल. ‘योग्य वेळी’पुढं ‘म्हणजे कधी?’ आणि अगदी तळाला बारीक अक्षरात, ‘सातवा प्रश्न?’

तुझं ते तपासलेलं पत्र मी दिवसभर टेबलावर उपडं ठेवलं. माझी मुलगी मनस्विनी चहा द्यायला आली तर त्यावर पुस्तक ठेवलं. पासष्टीचा माणूस प्रगतिपुस्तक लपवतो तसा.

पुन्हा लिहितो.

उलंगवाडी म्हणजे काय हे मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस, दुसऱ्या वर्षाला, वर्गात उभी राहून. कपाशीची शेवटची वेचणी झाली की शेतकरी म्हणतो, उलंगवाडी झाली. त्या दिवसापासून ते रान मेंढरांना मोकळं. झाडावरची पानं, न उकललेली बोंडं, बांधाचं गवत मेंढरांचं. लेंड्यांचं खत शेतकऱ्याचं. कुणी कुणाला विचारत नाही. करार नाही, पावती नाही. “सर, आमच्याकडं कागद नाय, हा शब्दच हाय,” असं तू म्हणाली होतीस. मी ते वाक्य उचललं. शहरातल्या एका सभेत म्हणालो, ‘मित्रहो, जिथं शब्द हाच सातबारा असतो, तिथली संस्कृती पाहा!’ प्रचंड टाळ्या पडल्या. वाक्य कुणाचं हे मी सांगितलं नव्हतं.

तो शब्द काढला की त्याच्याबरोबर तुमचा हक्क निघतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ‘अवशेष’ या शब्दावर कुणाचंच रान नसतं.

आता सातवा प्रश्न. ‘हा माल आज कुणाच्या उपयोगी पडतो का?’ तू लिहिलं होतंस, ‘होय. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत सतरा बिऱ्हाडांची मेंढरं यावर जगतात. शेंद्र्याचं चरायचं माळरान कारखान्यांत गेलं, तेव्हापासून दुसरं रान नाही.’

मी लिहिलं, ‘नाही.’

बस. त्यात व्याकरणाची चूक नव्हती, बोलीचा शब्दही नव्हता. सुधारण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी ते सुधारलं नाही, बदललं.

कारण सांगतो, माफीसाठी नव्हे. मुद्रेच्या नियमात स्पष्ट आहे की उत्तर ‘होय’ असेल तर वापरणाऱ्यांचा वाटा आधी सोडायचा. म्हणजे उलंगवाडीनंतर महिनाभर रानाला हात लावायचा नाही आणि तिसरा हिस्सा तसाच ठेवायचा. अश्लेषाला डिसेंबरात पहिला माल पोचवायचा होता. एक महिना थांबली असती तर ती मागणी गेली असती. मागणी गेली असती तर कारखाना सुरू होण्याआधीच बसला असता, उद्घाटनही झालं नसतं. आणि मराठवाड्यातल्या छोट्या उद्योगाला मिळालेली पहिली मुद्रा, असं मी उद्घाटनात म्हणणार होतो. भाषणाची टिपणं मी सप्टेंबरातच काढली होती. अहवालाच्या आधी.

सप्टेंबरचा तो मंडपही लिहितो. तू खांबाला टेकून उभी होतीस, तुला माहीत आहे. तरी मी माझ्या हातानं लिहायला हवं.

पाऊस गेला होता, कपाशी गुडघ्याएवढी राहिली होती. ग्रामपंचायतीसमोर लोक जमले होते. बायांना काम मिळणार म्हणून त्या पुढं बसल्या होत्या. मुंजाबा मागून उठले. मुंडासं सारखं केलं आणि म्हणाले, “म्या काय म्हंतो मास्तर, समदीच पऱ्हाटी नेली, तर मेंढरांनी उलंगवाडीनंतर खायचं काय?”

साधा प्रश्न होता. उत्तर साधं होतं. माइक माझ्या हातात होता.

मी म्हणालो, “मुंजाबा, हे सगळं तुमच्या मेंढरांसाठीच आहे! बॉयलरात आज झाडं जळतायत. झाड गेलं की पाऊस गेला, पाऊस गेला की मेंढरू गेलं!”

टाळ्या पडल्या.

“त्ये खरं हाय,” मुंजाबा म्हणाले, “पण...”

“पण नाही, मुंजाबा! ‘पण’ म्हणणाऱ्यांनीच या मराठवाड्याचं वाळवंट केलं!”

शिट्ट्या वाजल्या. मुंजाबांचा हात थोडा वेळ वरच राहिला. मग ते खाली बसले आणि बाकीच्यांबरोबर त्यांनीही टाळी वाजवली. जाताना मला म्हणाले, “लई झ्याक बोललात.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला आज बरं वाटलं असतं.

मी खोटं बोललो नव्हतो हेही लिहितो. झाडं जळत होती, आजही जळतात. मी आयुष्यभर ज्यासाठी घसा फोडला ते खरंच आहे. एका खऱ्यानं मी दुसऱ्या खऱ्याचं तोंड बंद केलं. हे वाक्य पुन्हा वाचलं आणि लाज वाटली. हेही टाळ्यांचं आहे. तरी ठेवतो, लाल शाईसाठी.

पुढच्या आठवड्यात करमाडला जातो.

वैजनाथ धानोरकर


गारखेडा, ३ मार्च

शीला,

गेलो होतो. मुंजाबांना भेटलो नाही.

बसस्टँडपासून तुमच्या वाड्याकडं वळायचं ते मी कारखान्याकडं वळलो. म्हटलं, आधी अश्लेषाला सांगावं, ते न्यायाचं होईल. मला न्यायाची आठवण नेमकी कधी होते ते आता तूच बघ.

पत्र्याच्या शेडमध्ये मशीन चालू होतं. बाया तोंडाला पदर बांधून भुसा भरत होत्या. भिंतीवर काचेच्या चौकटीत हरितमुद्रा, शेजारी उद्घाटनाचा फोटो. फोटोत मी हात वर करून बोलतोय, बाकी सगळे माझ्याकडं बघतायत. अश्लेषाला बाहेर बोलावलं आणि सांगितलं.

तिनं शेडचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “काका, मी तुम्हाला विचारलं होतं. याच शेडमध्ये विचारलं होतं, यावर कुणी अवलंबून नाही ना? तुम्ही म्हणालात, निर्धास्त राहा.”

“म्हणालो होतो.”

“ते मुंजाबा आले तेव्हा मी त्यांना कागद दाखवला. मला वाटलं ते उगाच भांडायला आलेत. मी त्यांना म्हणाले, तुमच्याच मुलीनं लिहिलंय.” तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मी त्यांच्या मुलाला मोठ्यानं वाचायला लावलं, काका.”

हेही मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं अंगदनं आपण होऊन वाचला.

मग ती सावरली. अश्लेषा वाईट नाही, तुलाही माहीत आहे. पण तिच्यामागं अकरा बाया आहेत. “सीझन मार्चअखेरपर्यंत आहे,” ती म्हणाली. “आत्ता मुद्रा थांबली तर सगळंच थांबेल. मार्च संपू द्या. एप्रिलमध्ये आपण दोघं मिळून पुण्याला लिहू. पुढच्या हंगामापासून महिना सोडू, तिसरा हिस्सा सोडू, मी लिहून देते. तोवर थांबा.”

आणि मी म्हणालो, “थांबतो.”

शेडमधून वच्छलाबाई बाहेर आल्या. त्यांना वाटलं मी कामाची पाहणी करायला आलोय. “मास्तर, पानी घ्या की. तुमच्यामुळं यंदा ऊसतोडीला जावं लागलं नाय,” म्हणाल्या. मी पाणी प्यालो. त्या आनंदात होत्या आणि तो आनंद खोटा नव्हता. मला वाटलं, शीलाचं एक नाव आणि या अकरा बाया, तराजूत काय जड? हा तराजू मी मुद्दाम मांडला. कुठल्या पारड्यात कुणाला बसवायचं ते मीच ठरवत होतो आणि माझं स्वतःचं नाव कुठल्याच पारड्यात टाकत नव्हतो.

परतीच्या बसमध्ये कळलं की मुंजाबांना सांगणं आणि मुद्रा थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुद्रेसाठी मार्चअखेरपर्यंत थांबता आलं असतं. तुझ्या वडिलांना त्याच दुपारी सांगता आलं असतं, वाडा दीड किलोमीटरवर होता. ते सांगायला कारखाना बंद पडायची गरज नव्हती. माझं तोंड उघडायची होती.

तुझं मूळ पान माझ्याकडं आहे. कपाटात, खालच्या कप्प्यात, सत्काराच्या शालींच्या खाली. फाडायचं धैर्य झालं नाही. लपवायचं झालं.

याचं उत्तर पाठवू नकोस. तुझी लाल शाई संपेल.

वैजनाथ


गारखेडा, २६ मार्च

शीला,

काल धुळवडीला सकाळी दाराची बेल वाजली. मनस्विनीनं दार उघडलं आणि मला हाक मारली. दारात तुझी आई होती. तुझ्या आईला मी तीनदा भेटलो असेन, तिन्ही वेळा मीच बोललो होतो.

राजाबाई आत आल्या नाहीत. दोन मजले चढून दम लागला होता तरी उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. खाली आमच्या सोसायटीचा पाण्याचा टँकर आला होता आणि वरून पोरं एकमेकांवर फुगे मारत होती. त्या कठड्यावरून जरा वेळ ते बघत राहिल्या.

“तुमच्यात पान्यानं खेळत्यात,” म्हणाल्या. नुसतंच म्हणाल्या.

मग माझ्याकडं वळल्या. “मास्तर, येक विचारू? पोरगी शिमग्याला आली व्हती.”

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणालो.

“बा बोलला नाय तिच्यासंगं. तिनं भाकर वाढली तं ताट घिऊन भायेर बसला. मेंढरांपाशी बसून जेवला. पोरगी सांजच्याच गाडीनं गेली. मला म्हनली, म्या नाय लिवलं, माय. म्या म्हनलं, मंग सांग ना बाला. तं म्हनली, म्या सांगून काय व्हतं, सई माझी हाय. सरांनी सांगाय पायजे.” त्यांनी पदर सावरला. “म्या अडाणी बाई. मला कागद कळत नाय. तुमी निस्तं येवढं सांगा, तिनं लिवलं का नाय?”

“नाही,” मी म्हणालो. “मी लिहिलं.”

मनस्विनी माझ्यामागं उभी होती. तिलाही ते तेव्हाच कळलं.

राजाबाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. “मंग येवढं सांगाया तुमाला तीन म्हैने लागले व्हय?” म्हणाल्या, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या. सोडायला मी खाली गेलो नाही. मनस्विनी गेली.

ती वर आली तेव्हा मी शालींखालून तुझं पान काढत होतो. तिनं विचारलं, “बाबा, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत तेच का?” मी गप्प बसलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

उद्या करमाडला जातो.

वैजनाथ


गारखेडा, २८ मार्च

शीला,

काल सकाळी आधी पोस्टात गेलो. पुण्याच्या संस्थेला पत्र, सोबत तुझं मूळ तिसरं पान. त्याच्या दोन प्रती काढल्या. एक या पाकिटात आहे. समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामाही त्यात घातला. तो सगळ्यात सोपा भाग होता, त्यामुळं त्याचं काही सांगत नाही.

वाड्यावर पोचलो तेव्हा अंगद वाघर, मेंढरांभोवती लावायचं जाळं, गुंडाळत होता. मला बघून म्हणाला, “बा, भाषनवाले आले.”

मुंजाबा घोंगडीवर बसले होते. एक मेंढी आजारी होती, तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, मी नको म्हणालो. मी उभ्यानंच सांगितलं. तिसरं पान शीलाचं नाही, माझं आहे. मूळ पानाची दुसरी प्रत अंगदच्या हातात दिली. त्यानं ती वाचली. ‘उलंगवाडीची पऱ्हाटी’ आलं तसा त्याचा आवाज खाली गेला, ‘सतरा बिऱ्हाडांची मेंढरं’ आलं तेव्हा तो थांबला आणि बापाकडं बघू लागला.

मुंजाबा मेंढीच्या कानामागं हात फिरवत राहिले.

“हे मला सांगून काय मास्तर,” शेवटी ते म्हणाले. “माझी म्या समजूत काढंन. गाव म्हंतंय, धनगराच्या पोरीनं शिकून बापाचं रान विकलं. गावाला सांगा. तवा माइक व्हता, आता नसंल तर नसंल.”

सरपंचांना गाठून सभा बोलवावी, असं मी म्हणणार होतो. अंगद हसला. “सभा कशाला? दुपारी टँकर येतोय. समदं गाव तिथंच असतंय.”

टँकर बाराला आला. हंडे, घागरी, प्लास्टिकचे ड्रम, सायकली, अख्खं गाव. वच्छलाबाई आणि कारखान्यातल्या सातआठ जणी रांगेत होत्या. मी दगडावर चढलो आणि मग उतरलो. दगडावर चढायचं कारण नव्हतं. जमिनीवरूनच म्हणालो, “मी वैजनाथ धानोरकर. पऱ्हाटी टाकाऊ आहे असं अहवालात लिहिलंय, ते शीलानं लिहिलेलं नाही. तिनं खरं लिहिलं होतं. ते पान मी बदललं.”

“काय म्हंतेत?” मागून कुणीतरी विचारलं.

“आवाज वाढवा मास्तर, पाइप चालू हाय!”

पुन्हा म्हणालो. तरी मागच्यांना ऐकू गेलं नाही. एका म्हाताऱ्यानं तर मी पाण्याबद्दल काही सांगतोय असं समजून आपला हंडा पुढं सरकवला. तिसऱ्यांदा म्हणालो, ओरडून, आणि या वेळी शब्द इतके थोडे होते की त्यांत लपायला जागा उरली नाही. एकानं पाइप बंद केला.

पहिल्यांदा बोलल्या त्या वच्छलाबाई. “म्हंजी आता मशीन बंद?”

“चौकशी होईपर्यंत बहुतेक बंद राहील.”

“बहुतेक नगं. व्हय का नाय?”

“हो.”

“सपटेंबरात याच तोंडानं काम देतो म्हनलात. आता याच तोंडानं बंद म्हंता. तुमचं तोंड येक हाय का दोन?” त्यांनी हंडा डोक्यावर घेतला. “आन् तवा खरं लिवलं असतं तं? म्हैनाभर थांबलो असतो की आमी. म्हैन्यानं मेलो असतो का?”

याचं उत्तर मी सप्टेंबरात शोधायला हवं होतं. कुणीतरी त्यांना तेव्हा विचारायला हवं होतं की महिनाभर थांबाल का. विचारलंच नाही. त्यांच्या वतीनं मीच नाही म्हणून टाकलं होतं.

अश्लेषाला फोन करून सांगितलं. मार्चअखेरपर्यंत थांबेन म्हणालो होतो, तेही मोडलं. ती एवढंच म्हणाली, “मला आधी सांगायचं ना काका,” आणि फोन ठेवला. संध्याकाळी तिचा मेसेज आला की काचेची चौकट तिनंच उतरवली आहे आणि पुढच्या हंगामासाठी सतरा बिऱ्हाडांशी बसून बोलायला ती तयार आहे, मी मध्ये नसेन तर. मी नसेन.

टँकर गेल्यावर पांगापांग झाली. मुंजाबा लिंबाखाली उभे होते. मी त्यांच्याजवळ गेलो, माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. तो हात मी ओळखला, आणि या वेळी थांबलो.

“सई कोऱ्या कागदावर केली व्हती तिनं?” त्यांनी विचारलं.

“हो, चौथ्या पानावर. माझ्यावर विश्वास ठेवून.”

मग हसले की काय कळलं नाही, दाढी हलली फक्त. म्हणाले, निरोप द्याल? मी हो म्हणालो. त्यांच्याच शब्दांत देतो.

‘पोरीला म्हनावं, कोऱ्या कागदावर सई करत नसत्यात. मास्तर असला तरी नगं, देव असला तरी नगं. चूक तिची बी हाय. आन् म्हनावं, पाडव्याला ये. ताट घिऊन भायेर नाय बसनार म्या.’

वैजनाथ